एका केसावर डुलणारा काटा

मित्रांनो, माझ्या पोटात एका बाईचा केस आहे. दचकू नका. मी भूत नाही, की कुणाला गिळून बसलेला राक्षसही नाही. मी एक जुना, पितळी, गोल तोंडाचा आर्द्रतामापक आहे. हवेत दमटपणा किती आहे ते सांगणे हे माझे काम. पावसाळी हवेत तुमच्या ताईचे केस कसे ऐकेनासे होतात, पाहिले आहे ना? केस ओलावा पितो आणि लांबतो. हवा कोरडी झाली की आखडतो. माझ्या पोटातला केसही तेच करतो आणि त्याला जोडलेला काटा त्याच्या तालावर डुलतो. एवढेच माझे गुपित. बाकी सगळे पितळ.

माझा जन्म एका बंदराच्या शहरात, एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. तिथे आम्हा भावंडांची नुसती जत्रा होती. कुणी कारखान्यांच्या धुरात काय काय मिसळले आहे ते मोजायला गेला, कुणी नदीच्या पाण्यातली घाण हुडकायला गेला. दोघे फार मिजाशीत निघाले. 'आम्ही लोकांचे जीव वाचवणार. तू काय सांगणार, कपडे वाळले की नाही?' असे मला चिडवून गेले.   

माझ्यासाठी कारागिराने आपल्या बायकोचा केस घेतला होता. तो स्पिरिटने पुसून माझ्या पोटात ताणून बसवला आणि तोंड जवळ आणून माझ्यावर 'हाऽऽ' करून श्वास सोडला. काटा टुणकन वर गेला. तो हसला आणि बायकोला म्हणाला, "घे, तुझ्यापेक्षा हा पटकन ऐकतो." तेव्हापासून मी जिवंत आहे.

मला विकत घेतले किनूबाईंनी. त्या तेव्हा नव्या नवरी होत्या. फुलाफुलांच्या रुमालात गुंडाळून, मांडीवर धरून त्यांनी मला डोंगरातल्या या गावी आणले. त्यांचे यजमान तोराकिची हे उरुशीचे कारागीर. उरुशी म्हणजे झाडाचा चीक. तो गाळून, घोटून लाकडी वाडग्यांवर थरावर थर चढवायचा, की वाडगा असा चमकतो की त्यात आपले तोंड बघून भांग पाडावा.

आता इथे एक उलटी गोष्ट आहे. तुमचे पापड उन्हात वाळतात, पण उरुशी ओलाव्यात वाळते. कोरड्या हवेत ती तशीच चिकट बसून राहते, म्हणाल तितके दिवस. म्हणून रंगवलेले वाडगे एका मोठ्या लाकडी कपाटात ठेवतात आणि कपाटाच्या फळ्यांवर पाणी शिंपडतात. या कपाटाला इथले लोक न्हाणी म्हणतात. ओलावा शंभरात सत्तरच्या वर जरासा असावा. कमी झाला तर वाडगा वाळत नाही. फार झाला तर वरची साल घाईने वाळते, आतला चीक ओलाच राहतो आणि सगळ्या वाडग्याला सुरकुत्या पडतात. किनूबाईंनी मला या न्हाणीच्या आत, दाराजवळ टांगले.

तोराकिचींनी मला पाहिले मात्र, त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आणलंस?"

"अहो, दमटपणा सांगतो तो. तुम्हाला मदत होईल."

"मला मदत? माझ्या कानाच्या पाळीला कळतं सगळं. हा चहाडखोर काय सांगणार?"

झाले. त्या दिवसापासून माझे नाव चहाडखोर पडले. तोराकिची रोज न्हाणीत डोके खुपसायचे, कानाची पाळी ओलाव्यात धरायचे आणि म्हणायचे, "सत्तर." मग डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचे. मीही सत्तर दाखवत असलो तर म्हणायचे, "बघ किनू, चहाडखोरालासुद्धा पटलं." आमचे जुळले नाही तर म्हणायचे, "आज याला सर्दी झालीय." पण मला कधी उतरवले नाही. माणूस तोंडाचा फटकळ, मनाचा मऊ. अशी माणसे मला फार आवडतात.

वर्षे गेली. तोराकिचींचे केस गेले, कानही थकले. मग एक गंमत सुरू झाली, ती फक्त मला ठाऊक होती. ते आधी गुपचूप माझा काटा बघायचे, मग कान आत घालायचे आणि मोठ्या आवाजात आकडा सांगायचे. मी कुणाला बोललो नाही. नाव चहाडखोर असले म्हणून काय झाले?

त्यांची मुलगी साएको मोठी होऊन शहरात गेली होती. तिथे एका मोठ्या दुकानात ती चहाच्या किटल्या विकायची. तोराकिचींना आजारपण आले, उजवा हात थरथरू लागला, तेव्हा ती परत आली. डोक्यावर तांबूस रंगवलेले कुरळे केस आणि हातात एक बॅग. वडिलांना म्हणाली, "मला शिकवा."

"आता? तुझ्या वयात मी वरचा हात द्यायला लागलो होतो." वरचा हात म्हणजे शेवटचा थर. सगळ्यात अवघड काम.

"मग लवकर सुरू करू या," साएको म्हणाली.

उरुशीने तिला पहिल्या आठवड्यातच प्रसाद दिला. कच्चा चीक अंगाला बाधतो. हात सुजले, मानेवर पुरळ उठले, डोळे बारीक झाले. किनूबाई काढे करून थकल्या. पण पोर चिवट. बऱ्या झालेल्या बोटांनी पुन्हा घोटायला बसली. लाकडी वाडगे कातून देणारे शेजारचे हेइसाकुकाका तिला चिडवायचे, "साएको, चेहरा पार भोपळा झालाय की गं." ती म्हणायची, "मग कातून द्या ना काका नीट." असे त्या घरात हसणे चालू असायचे आणि माझा काटाही उगाच डुलायचा.

साएकोला एकच गोष्ट जमत नव्हती. न्हाणीत डोके घालून ती तासन्‌तास उभी राही, कान पुढे करी आणि शेवटी म्हणे, "बाबा, मला काहीच कळत नाही. दमट म्हणजे दमट, बस." त्यामुळे ती पूर्णपणे माझ्यावर विसंबून होती. मी सांगेन तो आकडा, मी सांगेन तेवढे पाणी. मित्रांनो, कुणी आपल्यावर इतका भरवसा टाकला की छाती कशी फुगते ते तुम्हाला सांगायला नको.

अशी तीन वर्षे गेली, मग गावच्या देवळाचे काम आले. शरदातल्या उत्सवाला सारा गाव देवळात एका पंगतीला जेवतो. पंगतीचे जुने वाडगे पार झिजले होते, नवे हवे होते. तोराकिचींचा हात तर शेवटचा थर देण्यासारखा उरला नव्हता. त्यांनी साएकोला समोर बसवले आणि आपला कुंचला मध्ये ठेवला. हा कुंचलासुद्धा माणसाच्या केसांचा बरे का. पेन्सिलीत शिसे असते तसे दोन पट्ट्यांमध्ये लांब केस असतात. पुढचे झिजले की कापायचे आणि आतले नवे काढायचे. तोराकिचींच्या वडिलांनी तो त्यांना दिला होता. म्हणजे आम्ही दोघे केसांचे नातेवाईक.

"या वाडग्यांना वरचा हात तू द्यायचा," तोराकिची म्हणाले. "नीट निघाले तर हा कुंचला तुझा आणि घरही तुझं. नाही निघाले तर न्हाणीचं दार मी बंद करणार. अर्धवट कारागीर गावाच्या गळ्यात मारायचा नाही मला."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. तू परत किटल्या विक."

 साएकोने कुंचल्याला हात जोडले आणि ती उठली.

कामाचा दिवस ठरला. आता खरी गोष्ट सुरू होते, आणि तिच्यात चूक कुणाची हे तुम्हीच ठरवा.

त्या सकाळी किनूबाई मला पुसायला आल्या. पोरीचा मोठा दिवस, म्हणून त्यांनी माझी काच काढून आतली धूळही मऊ ब्रशने झटकली. आणि तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझा केस जवळून पाहिला.

"अगं बाई," त्या हळहळल्या. "किती रुक्ष झालाय हा. इतकी वर्षं याला कुणी तेलाचं बोट लावलं नाही."

किनूबाई त्सुबाकीच्या लाल फुलाच्या बियांचे तेल लावतात. गावातल्या सगळ्याच बायका लावतात, पण किनूबाईंची बाटली लांबच्या एका बेटावरून येते आणि फक्त सणावाराला उघडते. ती बाटली त्यांनी आणली. बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला आणि माझ्या केसावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. मित्रांनो, काय सांगू ते सुख! जन्मात कुणी माझे असे लाड केले नव्हते. मी डोळे मिटून घेतले. म्हणजे डोळे असते तर मिटले असते.

पण तेल बसले आणि ओलाव्याची वाट बंद झाली. हवा मला लागेना. ती ओली की कोरडी याची मला काही शुद्ध राहिली नाही आणि काटा पन्नासवर जाऊन ढिम्म बसला.

साएकोने अंगावरची लोकरीची बंडी काढून ठेवली, डोक्याला फडके घट्ट बांधले आणि कामाला बसली. या खोलीत कामाच्या वेळी कुणी पाऊल टाकत नाही, कारण एक धुळीचा कण वाडग्यावर बसला तरी दिसतो. बसलाच तर पक्ष्याच्या पिसाच्या टोकाने तो अलगद उचलायचा. तिचा हात त्या दिवशी असा चालला होता की बाहेर बसलेले तोराकिची कुंचल्याचा आवाज ऐकून मान डोलवत होते. एकेक वाडगा न्हाणीत आला. तिने माझ्याकडे पाहिले. पन्नास.

तिने पाणी शिंपडले. पन्नास. अजून शिंपडले. ओली फडकी आणून टांगली. मी आपला पन्नासवर तेल लावून बसलेला. फळ्यांवरून पाण्याचे ओघळ गेले तरी तिने माझेच खरे मानले.

दुपार कलली तेव्हा तिने दार उघडले. सगळ्या वाडग्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. दुधावर साय धरते आणि बोट लावले की गोळा होते, तशा. रंगही काळवंडून गेला होता.

साएको तिथेच खाली बसली. तोराकिची आत आले, त्यांनी एकेक वाडगा वाकून पाहिला. मग म्हणाले, "कानाला विचारलं होतंस?"

"माझ्या कानाला कळत नाही, बाबा. किती वेळा सांगू?" तिने बाहीने डोळे पुसले. "मला हे जमत नाही. हाताला जमेल, पण हे हवेचं मला कधीच कळणार नाही. बंद करा दार. मी जाते परत."

मला इतके वाईट आयुष्यात कधी वाटले नव्हते. ओरडून सांगावे, की पोरी, तुझा हात सोन्यासारखा चालला होता, मीच तुला खोटे सांगितले. पण पितळेला कुठले तोंड?

तोराकिची माझ्यासमोर येऊन उभे राहिले. न्हाणीतून अजून पाणी ठिबकत होते आणि मी म्हणत होतो पन्नास. त्यांनी डोळे बारीक केले. तोंड जवळ आणून माझ्यावर 'हाऽऽ' करून श्वास सोडला. काटा हलला नाही. पुन्हा सोडला. नाही. मग त्यांनी नाक पुढे केले आणि हुंगले.

"किनू," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे ये. या चहाडखोराच्या अंगाला तुझ्या डोक्याचा वास कसा येतोय?"

किनूबाई दारात आल्या. त्यांना अजून काहीच उमगले नव्हते. "मीच लावलं तेल सकाळी. बिचारा किती रुक्ष झाला होता."

"तेल लावलंस? आर्द्रतामापकाला?"

"केसच आहे ना तो? मग केसाला तेल नको लावू तर काय भाजीला लावू?"

 तोराकिचींच्या खांद्यांपासून हसू सुरू झाले. ते आधी दाबत होते, पण दाबवेना. साएको रडत होती ती रडता रडताच हसायला लागली. हेइसाकुकाका आवाज ऐकून धावत आले आणि गोष्ट कळल्यावर भिंतीला टेकून खाली बसले. "वहिनी, पुढच्या वेळी वेणीपण घाला त्याची." फक्त किनूबाई हसत नव्हत्या. सुरकुतलेल्या वाडग्यांकडे बघून त्यांनी पदराआड तोंड लपवावे तसे दोन्ही हातांत तोंड लपवले.

"रडू नकोस, किनू," तोराकिची म्हणाले. "वाडगे घासता येतात. पाण्यात कोळसा बुडवून घासायचे, सुरकुत्या जातात. उत्सवापर्यंत अजून एकदा हात देण्याइतके दिवस आहेत. एकदाच, पण आहेत. आधी या चहाडखोराला अंघोळ घालू."

साएकोने कापसावर स्पिरिट घेऊन माझा केस पुसायला सुरुवात केली. फार हलक्या हाताने पुसत होती. पण तो केस माझ्या जन्मापासूनचा, कित्येक उन्हाळे-हिवाळे ताणलेला. मध्येच तो तुटला. काटा खाली कोसळला आणि तिथेच पडून राहिला. मित्रांनो, मला वाटले, संपलो मी.

"मीच मारलं याला," किनूबाई म्हणाल्या. आता कुणी हसले नाही.

हेइसाकुकाकांनी समजुतीचा सूर लावला. "तोराकिचीदादा, बाजारात बॅटरीवर चालणारा मिळतो हल्ली. आकडेच दाखवतो सरळ. उद्या आणून देतो."

"तो असू दे तुझ्याकडे," तोराकिची म्हणाले. "याच्याशी मी जन्मभर भांडलोय. नव्याशी ओळख करून भांडायला आता माझं वय नाही."

ऐकलेत? त्यांच्या तोंडून माझे एवढे कौतुक मी कधी ऐकले नव्हते, आणि ऐकले तेही मेल्यावर.

"पण मग केस कुणाचा घालणार?" हेइसाकुकाकांनी विचारले. "माझं आणि तुमचं तर मैदान झालंय. वहिनींच्या केसांत पन्नास वर्षांचं तेल मुरलंय."

साएकोने डोक्याचे फडके सोडले. तिचे केस मोकळे झाले आणि तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. टोकाकडे शहरातला तांबूस, कुरळा भाग अजून होता. पण मुळापासून खांद्यापर्यंत सरळ, काळेभोर केस वाढले होते. इथे आल्यापासूनचे. ना रंग, ना तेल. उरुशीत केस पडू नये म्हणून ती ते कायम बांधूनच ठेवायची. तिने एक लांब केस उपटला, तांबूस टोक कापून टाकले आणि काळा भाग वडिलांच्या पुढे धरला.

तो केस बापलेकींनी मिळून धुतला, पुसला आणि माझ्या पोटात बसवला. तोराकिचींचा हात थरथरत होता म्हणून ते फक्त सांगत होते आणि साएको चिमट्याने करत होती. मग मला ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवले. त्यातून काढल्या काढल्या साएकोने मागचा स्क्रू फिरवून काटा पंच्याण्णववर आणला, कारण ओल्या फडक्यात ओलावा तेवढाच असतो. शेवटी तिने तोंड जवळ आणले आणि 'हाऽऽ' केले.

काटा टुणकन उडाला. मी परत आलो होतो, आणि मला सगळे लागत होते. तिच्या श्वासाची ऊब, ओल्या लाकडाचा गारवा, मागीलदारच्या झऱ्यावरून येणारी हवासुद्धा. जुन्या केसाने मला इतके कधी सांगितले नव्हते. तरुण केस, दुसरे काय.

वाडगे घासण्यात पुढचे दिवस गेले. हेइसाकुकाका रोज मदतीला येत आणि रोज मला 'वेणीवाला' म्हणत. किनूबाई माझ्याकडे नुसत्या लांबून बघत. आणि मग पुन्हा तो दिवस आला. पुन्हा फडके, कुंचला आणि पिसाचे टोक. एकेक वाडगा न्हाणीत आला. मी साठ म्हटले, साएकोने पाणी शिंपडले. मी सत्तर म्हटले, तिने हात आवरला. ओलावा चढू लागला तशी मी तिला लगेच खूण केली आणि तिने दाराची फट उघडली. असे आम्ही दोघांनी मिळून ते वाडगे सांभाळले, तान्ह्या बाळाला सांभाळावे तसे.

दार उघडायची वेळ झाली तेव्हा तोराकिची म्हणाले, "तू बघ आधी. मी नाही बघणार." आणि पाठ करून उभे राहिले.

उरुशी नीट धरली की नाही याची इथली जुनी परीक्षा आहे. वाडग्यावर श्वास सोडायचा. वाफ निळसर उमटली तर जमले. साएकोने एक वाडगा उचलला, जवळ घेतला आणि हळूच श्वास सोडला. चमकदार काळ्यावर निळी वाफ उमटली, क्षणभर थांबली आणि गेली. दुसऱ्यावर सोडला. निळी. तिसऱ्यावरही.

"बाबा," ती म्हणाली. तिने वाडगा पुढे धरला.

तोराकिची वळले. एकेक वाडगा उजेडाकडे तिरपा करून पाहिला. सुरकुती नाही, ओघळ नाही, धुळीचा कण नाही. त्यांनी कमरेला खोवलेला तो वडिलोपार्जित कुंचला काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. 

साएकोने लगेच घेतला नाही. "चहाडखोराने सांगितलं म्हणून जमलं, बाबा. मला अजूनही हवेतलं काही कळत नाही. माझ्या कानाला—"

"कान राहू दे," तोराकिची म्हणाले. "त्या पितळ्याला काय कळतंय? त्याच्या पोटात केस कुणाचा आहे?"

साएको माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कुंचला घेतला आणि कपाळाला लावला. मी सत्तरच्या जरा पुढे उभा होतो. हवा अगदी हवी तशी होती.

उत्सवाला सारा गाव पंगतीला बसला. नव्या वाडग्यांतून मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, गरम सार वाढले. घरी येऊन किनूबाईंनी मला सगळे सांगितले. पुजारीबुवांनी म्हणे वाडगा तीनदा फिरवून पाहिला आणि हेइसाकुकाकांनी साके चढवून, आपल्या लाकडाचे कौतुक कुणी करत नाही म्हणून गाणे म्हटले. त्याच दिवशी देवळामागे झिजलेल्या कुंचल्यांना आणि सुयांना निरोप देण्याची पूजा असते. किनूबाईंनी माझा जुना तुटका केस पांढऱ्या कागदात घालून तिथे नेला आणि 'फार राबलास बाबा' म्हणून त्याला हात जोडले. थोडे गलबलून आले मला. पण निरोप असा मिळाला तर कुणालाही आवडेल.

मित्रांनो, धूर मोजणाऱ्या आणि पाणी तपासणाऱ्या माझ्या भावंडांना एवढेच कळवा, की मी कपडे वाळले का ते सांगत बसलो नाही. आणि तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल, म्हातारे माणूस असेल किंवा एखादे झाड असेल, तर त्याच्यावर जरूर माया करा. पण आधी त्याला काय लागते ते बघा. नुसते आपल्याला आवडते तेच त्याला देऊ नका. मला तेल नको होते, वर्षातून एकदा ओल्या फडक्यात तासभर झोप हवी होती, बस.

किनूबाई अजूनही रोज सकाळी माझी काच पुसायला येतात. सणाच्या दिवशी त्या आपल्या डोक्याला त्सुबाकीचे तेल लावतात, मग बाटलीला बूच घट्ट बसवतात आणि माझ्याकडे बोट करून म्हणतात, "तुला नाही हं." न्हाणीत हात ओले करून उभी असलेली साएको हसते, आणि मी डुलतो.